बंड्याचं दुखणं



या पानावर एरवी आपण लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, पाहुणे अचानक आले तर काय करावं, असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र मी एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल लिहिणार आहे. ‘आता हे काय नवीनच!’ म्हणून पान उलटू नका हं. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनीही वाचा. गोष्ट कुत्र्याची असली तरी घरात दुखणं आलं की त्याची उस्तवार शेवटी कुणाच्या पदरात पडते, हे तुम्हांला मी का सांगायला हवं?

आमच्या कराडच्या घरी बंड्या आला तो ह्यांच्या एका मित्रामुळे. त्यांच्याकडे ग्रेट डेन जातीची कुत्री होती, तिला पिल्लं झाली, आणि नेमकी तेव्हाच त्यांची बदली झाली. एक पिल्लू ह्यांनी मला न विचारताच कबूल करून टाकलं! दोन महिन्यांचं ते धूड पाहून सासूबाई म्हणाल्या, “कुत्रं म्हणालात नि शिंगरू आणलंत की!” खोटं नव्हतं ते. या जातीच्या नावात ‘डेन’ असलं तरी मूळची ती जर्मनीतली, आणि वाढ तर अशी, की जन्मताना जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या घरात जातं. आपलं मूल जी वाढ पंधरा-सोळा वर्षांत करतं ती हे बारा महिन्यांत उरकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सगळ्यांत आनंद झाला तो आमच्या धाकटीला, मनूला. नाव तिनंच ठेवलं. माझं म्हणाल तर आठ दिवसांतच मीही त्याची आई झाले. आणि आई झालं की जे करतो तेच केलं: खाऊ घालणं! दूधपोळी, उकडलेलं अंडं, मटणाचा रस्सा आणि वर कॅल्शियमचं पातळ औषध. बाटलीवर दोन चमचे लिहिलं होतं, मी चार घालत होते. ‘एवढा मोठा होणार, हाडं नकोत का भक्कम?’ असं माझं शास्त्र. महिन्या-दीड महिन्यात तो मनूच्या कमरेला लागला. येणारा-जाणारा कौतुक करी, आणि मी मनातल्या मनात मूठभर मांस चढवून घेई.

मग श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी बंड्या उठलाच नाही.

दूध वाढलं तर नुसती मान वळवली. मनूनं नेहमीप्रमाणे त्याच्या गळ्यात हात टाकला तर असा केकाटला, की सासूबाई जपाची माळ ठेवून देवघरातून बाहेर आल्या. मी उचलून उभं करायला गेले तर माझ्या हाताला त्यानं दात लावले. चावला नाही, नुसते लावले. ह्यांचा पारा चढला. त्या वेळी सासूबाई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. “त्याला रागावू नका. राग नाही तो, दुखतंय त्याला. माझ्या गुडघ्याला कुणी हात लावला तर मी नाही का ओरडत? आणि नीट बघा, एक पाय नाही दुखत त्याचा. पुढचे दोन्ही दुखताहेत.”

बघितलं, तर खरंच. दोन्ही पुढच्या पायांवर, पंजाच्या सांध्याच्या थोडं वर, सूज होती. हात जवळ नेला तरी गरम लागत होतं.

इथे मी दोन चुका करता करता वाचले आणि एक केलीच. तिन्ही सांगते.

अंगात ताप आहे म्हटल्यावर माझा हात आपोआप औषधांच्या डब्याकडे गेला. घरात तापाच्या गोळ्यांची पाकिटं असतातच. अर्धी गोळी दुधातून द्यावी असं मनात आलं, आणि कुणास ठाऊक कशी, आधी डॉक्टरांना फोन करावा अशी बुद्धी झाली. बायांनो, कुत्र्याला माणसांची तापाची, अंगदुखीची गोळी मनानं कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन आपल्याला रुळलेली औषधं, पण कुत्र्याच्या शरीरात त्यांचा हिशेबच वेगळा. यकृत, रक्त, जठर, मूत्रपिंड, कुठेही घात होऊ शकतो.

दुसरं, शेजारच्या काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. बाळाला मालीश करतो तसं चांगलं रगडून चोळा म्हणाल्या. एकदा हात लावला मात्र, त्याचे डोळे बघून मीच वाटी परत केली.

आणि केलेली चूक? गावातल्या एका डॉक्टरांनी ‘अशक्तपणा आहे, कॅल्शियम कमी पडतंय’ म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, आणि मला ते इतकं पटलं, की मी आणखी काही विचारलंच नाही. घरी येऊन चाराचे पाच चमचे केले. त्यात पाच दिवस गेले. पाचव्या दिवशी ताप एकशे पाचावर होता. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, एकशे एक ते अडीच म्हणजे त्याचं निरोगी तापमान. पण एकशे पाच म्हणजे ताप, आणि चांगलाच.

ह्यांनी मित्राची गाडी मागून घेतली आणि आम्ही पुणं गाठलं. बंड्याला सतरंजीच्या झोळीतूनच आत नेला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हात फार हलका. आधी रक्त तपासलं, कारण आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा ताप फार, आणि त्यातही कुत्री अशीच अंग टाकतात. सांध्यात पू झालाय का, डिस्टेंपर तर नाही, हेही बघितलं. मग दोन्ही पायांचे एक्स-रे काढले. ते उजेडावर धरून त्या म्हणाल्या, “या, बघा इथे.”

लांब हाडाच्या टोकाजवळ एक मऊ पट्टा असतो. हाड लांबीला वाढतं ते तिथून. तो पट्टा एक्स-रेत काळसर दिसतो. बंड्याच्या हाडात त्या पट्ट्याला समांतर अशी आणखी एक काळी रेघ होती. जणू सांध्याजवळ एकाऐवजी दोन पट्टे. वाढीच्या पट्ट्याला लागून जे कोवळं हाड तयार होतं, तिथेच दाह सुरू झाला होता. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी. मला ते कागदावर लिहून घ्यावं लागलं. डॉक्टर लोक नुसतं एच.ओ.डी. म्हणतात.

हा आजार क्वचितच दिसतो. दिसतो तो भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांत, साधारण दोन ते सात-आठ महिन्यांच्या वयात. ग्रेट डेन, वायमारानर, बॉक्सर, जर्मन शेफर्ड, म्हणजे आपला अल्सेशियन, यांच्यात. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच. सांसर्गिक नाही. मुडदूसही नाही, मुडदुसाचं चित्र वेगळं असतं.

मी एकच प्रश्न विचारला, “माझ्यामुळे झालं का?” आणि कॅल्शियमचं सगळं सांगून टाकलं.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगते. हा आजार नेमका कशानं होतो ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. काही जातींत घराण्यात असतो. लसीशी, विषाणूशी संबंध आहे का याचाही विचार झालाय, सिद्ध काही नाही. तेव्हा तुमच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण ते कॅल्शियम आजच्या आज बंद करा. त्याचं नुकसान मात्र पक्कं माहीत आहे.”

ते कसं, तेही समजावून सांगितलं. मोठं कुत्रं गरजेपेक्षा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून आत घ्यायचं टाळू शकतं. लहान पिल्लाला ते जमत नाही. वाढाल तितकं बरंचसं शरीरात जातं आणि वाढत्या हाडांची घडण बिघडवतं. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तोही ग्रेट डेनच्याच पिल्लांवरचा. काही पिल्लांना सकस अन्न पोट भरेल तितकं दिलं, काहींना मोजून, बेतानं दिलं. हवं तितकं खाणारी भराभर वाढली, आणि हाडांचे विकारही त्यांच्यातच जास्त निघाले. मला माझी चार चमच्यांची फुशारकी आठवली आणि मान वर होईना.

काकूंचा आवळ्याचा रसही तिथेच निकालात निघाला. पूर्वी या आजाराला कुत्र्यांतला स्कर्व्ही समजत, कारण एक्स-रे तसाच दिसे. म्हणून क जीवनसत्त्व देत. पण कुत्रा क जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतःच तयार करतो. ते वरून देऊन गुण आल्याचं काही दिसलं नाही.

औषध काय? मुळावर घाव घालणारं औषध नाही. दाह कमी करायचा, दुखणं थांबवायचं, पोटात अन्नपाणी जाईल असं बघायचं, आणि पिल्लाच्या शरीराला सावरायला वेळ द्यायचा. बहुतेक पिल्लं काही दिवसांत किंवा आठवड्यांत उठतात. काहींना आजार पुन्हा पुन्हा उलटतो. काहींचे पाय कायमचे वाकतात. आणि थोडी, फार जोराचा आजार झालेली, वाचत नाहीत. हे सगळं त्यांनी मनूसमोरच सांगितलं. आधी मला राग आला. परतीच्या वाटेवर मनूनं विचारलं, “आई, बंड्या मरणार का?” मी ‘छे गं, वेडी!’ म्हणणार होते. पण तिनं सगळं ऐकलं होतं. मग म्हटलं, “बहुतेक नाही. पण मला नक्की माहीत नाही. आपण करू तेवढं करू.” त्यावर ती रडली नाही. घरी आल्यावर वही काढली आणि त्यावर तारीख घातली.

त्या वहीनं आम्हांला तारलं, बघा. सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, किती खाल्लं, किती पाणी प्यायला, गोळी केव्हा दिली, स्वतःहून उठला का. नऊ वर्षांच्या मुलीचं अक्षर, पण डॉक्टरीणबाई फोनवर म्हणत, “वही वाचून दाखवा.” आजारपणात आपण ‘आज जरा बरंच वाटतंय’ असं स्वतःला सांगत राहतो. वही तसं सांगत नाही.

आठव्या दिवशी तो चार पावलं चालला. घरात सणच! आणि तेराव्या दिवशी पुन्हा कोसळला. ताप, सूज, केकाटणं, सगळं पहिल्यासारखं, किंबहुना जास्तच.

त्या रात्री मुलं निजल्यावर हे म्हणाले, “आपण त्याचे हाल करतोय. सोडवूया त्याला.” मी भांडले. तुम्हांला कुत्रा आणायची घाई आणि घालवायचीही घाई, असं नको ते बोलले. हे काही बोलले नाहीत. उठून गेले आणि बंड्याजवळ जमिनीवर बसले. तेव्हा कळलं, की ज्याला त्याचं दुखणं बघवत नव्हतं तोही माझ्याइतकाच रडवेला होता. आपल्या पुरुषांना ‘मला बघवत नाही’ असं म्हणता येत नाही. म्हणून ते ‘संपवून टाकू’ म्हणतात.

सकाळी मी पुण्याला फोन लावला. ‘वाचेल का?’ हे विचारलं नाही. विचारलं, “त्याचं दुखणं आपल्याला थांबवता येईल का? आणि आलं नाही, तर ते किती दिवसांत कळेल?” या प्रश्नाला मात्र नेमकं उत्तर मिळालं. पहिलं औषध बंद करायचं, मध्ये त्या सांगतील तेवढे दिवस जाऊ द्यायचे, आणि मग स्टिरॉइड सुरू करायचं. ही दोन्ही औषधं एकत्र देता येत नाहीत, पोटात व्रण होतात. मधल्या दिवसांपुरतं दुखण्यावर वेगळं औषध. स्टिरॉइडनं फरक पडायचा असेल तर चार-सहा दिवसांत दिसेल. आम्ही दोघांनी ठरवलं: वहीत सलग सहा दिवस दुखणं तसंच, खाणं बंद, शेपूट हलत नाही, असं लिहावं लागलं तर त्याला धरून ठेवायचं नाही. ते ठरलं आणि त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, आम्हांला झोप लागली.

स्टिरॉइडच्या तिसऱ्या दिवशी सासूबाई देवाला नैवेद्य दाखवून आल्या, आणि बंड्यानं मान उचलून वाटीकडे पाहिलं. सोवळं-ओवळं बाजूला ठेवून त्यांनी दहीभाताचा घास त्याच्यापुढे धरला. वहीत त्या दिवशी मनूनं लिहिलंय: ‘आजीच्या हातून खाल्लं. शेपूट दोनदा.’

आता व्यवहाराचं बोलू. कुठलंही मोठं आजारी कुत्रं सांभाळताना उपयोगी पडेल, असं जे मी शिकले ते हे:

१. फरशी. आपल्या गुळगुळीत फरश्या दुखऱ्या पायांच्या वैरी. गोणपाटं, जुन्या सतरंज्या अंथरा आणि कडा दबतील असं बघा.

२. अंथरूण. जुनी गादी, वर मेणकापड, वर जुनं सुती लुगडं. दर तीन-चार तासांनी हळूच कूस बदलायची. नाहीतर माणसासारख्याच त्यालाही अंथरुणाच्या जखमा होतात. लुगडं ओलं झालं की लगेच बदला.

३. उचलणं. पुढच्या पायांना धरून कधीही उठवू नका. पोटाखालून दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्ही टोकं धरा. शी-शूला असंच न्या.

४. खाणं. तोंडाजवळ आणून, थोडं थोडं, कोमट करून द्या. वास आला की भूक चाळवते. रस्सा द्यायचा तर कांदा-लसणाशिवाय, हे विसरू नका. कांदा-लसूण, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखी.

५. औषध. ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत. स्टिरॉइड एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसं कमी करत आणा. त्यावर भूक-तहान वाढते आणि लघवी जास्त होते. त्याला ओरडू नका.

६. लस. पुढची लस केव्हा द्यायची हे आजार चालू असताना डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण ‘आता नकोच’ म्हणून कायमची टाळू नका. रेबीजची तर मुळीच नाही.

७. पैसे. लाजू नका, पहिल्याच दिवशी विचारा: तपासण्या कोणत्या, कशाला, किती रुपये, किती दिवस? पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं असतात. परळचं महाविद्यालय तर १८८६ सालापासूनचं. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथेही आहेत. जवळ असेल तिथे चौकशी करा.

आणि ज्यांच्या घरी मोठ्या जातीचं पिल्लू नुकतंच आलंय त्यांना वेगळं सांगते. नुसत्या दूधपोळीवर पिल्लू वाढत नाही, आणि नुसत्या मांसावर तर हाडं ठिसूळ होतात, कारण मांसात कॅल्शियम फारच थोडं. म्हणून आपल्या मनानं बाटली आणायची असं नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी तयार केलेलं समतोल अन्न मिळतं, ते द्या. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून तक्ता मोजून-मापून घ्या. पिल्लू गुटगुटीत नको. हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागायला हव्यात. कुणी ‘अगं, किती रोड!’ म्हणालं तर म्हणू द्या.

बंड्या आता दोन वर्षांचा आहे. वाढ संपली, आजार पुन्हा उलटला नाही. डावा पाय किंचित बाहेर वळलाय. पळताना जरा फेंगडा पळतो, पण पळतो. सासूबाईंचे गुडघे आणि त्याचा पाय, दोघं संध्याकाळी ओट्यावर शेजारी शेजारी बसतात.

पण सगळ्यांच्या वहीचं शेवटचं पान असं नसतं. तुमच्यापैकी एखादीला सहाव्या दिवशी तो दुसरा निर्णय घ्यावा लागला असेल. तिला मी एवढंच सांगेन, की तुझं काही चुकलं नाही. दुखणं थांबवता येत नाही असं कळल्यावर त्याला सोडवणं, हीसुद्धा सेवाच. पुढच्यासाठी ते कॅल्शियमचे चमचे तेवढे मोजायचे.

मी आता मोजते. वाचणाऱ्या प्रत्येकीनं मोजावेत म्हणून आज लोणच्याला सुट्टी दिली. पुढच्या आठवड्यात बरणी पुन्हा उघडू.